भिडस्त कोणत्या रकान्यात?

माणसाचा स्वभाव मोजायचा, तर आधी तो कशाकशाचा बनलेला असतो हे ठरवायला हवं. १८८४ साली फ्रान्सिस गाल्टननं त्यासाठी रोजेचा समानार्थी शब्दांचा कोश चाळला आणि स्वभाव सांगणारे हजारभर तरी शब्द इंग्रजीत असावेत असा अंदाज बांधला. या वाटेमागचा विचार मला फार आवडतो. एकमेकांसोबत राहताना माणसांना जे जे जाणवतं, त्याला कधी ना कधी शब्द मिळतोच. मग शब्द वेचावेत, स्वभाव हाती लागेल.

हे वेचण्याचं काम गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये नेटानं केलं. वेबस्टरच्या कोशातून १७,९५३ शब्द काढले. त्यांतले ४,५०४ टिकाऊ गुण सांगणारे म्हणून वेगळे ठेवले. त्याच सुमारास, १९३२ ते १९३८ या काळात, पुण्यात दाते-कर्वे मंडळी महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड काढत होती. तेव्हाच कुणी ते खंड याच चाळणीतून घातले असते तर, अशी हळहळ मला आजही वाटते.

पुढे रेमंड कॅटेलनं तो ढीग गाळत सोळा घटकांवर आणला. १९६१ मध्ये टेक्ससमधल्या हवाईदलाच्या तळावर ट्युप्स आणि क्रिस्टल यांना पाचच घटक पुन्हा पुन्हा सापडले, पण तो अहवाल बरीच वर्षं दप्तरातच राहिला. ऐंशीच्या दशकात या पाचांचा जम बसला: बहिर्मुखता, सलोखा, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्याची ओढ. हे पाच मोजणारी कोस्टा आणि मॅक्रे यांची १९९२ची चाचणी २४० विधानांची आहे.

अशाच एका प्रश्नावलीचा मराठी तर्जुमा मी ओळखीच्या एका बाईंकडून भरून घेत होते. ‘मला नाही म्हणणं जड जातं.’ समोर पाच वर्तुळं. त्यांनी पेन्सिल टेकवली, उचलली. म्हणाल्या, “अहो, कोणाला? ऑफिसात साहेबांना मी तोंडावर नाही म्हणते. नणंदेनं दागिना मागितला तर मात्र तोंडच उघडत नाही.”

वॉल्टर मिशेलनं १९६८ मध्ये हेच म्हणून या क्षेत्राला हादरा दिला होता: प्रसंग बदलला की वागणं बदलतं. त्या वादातून चाचण्या सावरल्या. एका प्रसंगापेक्षा अनेक प्रसंगांची सरासरी धरली तर स्वभाव दिसतो, हे पटत गेलं. मलाही ते पटतं. पण बाईंना जे सांगायचं होतं, त्याला आपल्याकडे शब्द आहे, भिडस्त. तो लाजाळू नव्हे, भित्रा नव्हे, नुसता गोडही नव्हे. भीड कोणाची, हे त्या शब्दातच गृहीत धरलेलं असतं. मनस्वी, खमका, लाघवी, चेंगट असेही शब्द आहेत; ते सगळे त्या पाच रकान्यांत बसतात का, हे आपल्याच कोशावरून तपासायला हवं.

कारण इतर भाषा बोलू लागल्या तेव्हा चित्र बदललंच. कोरियन, हंगेरियन, इटालियन अशा सात भाषांतले शब्द तपासून २००४ मध्ये अ‍ॅश्टन, ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहावा घटक मांडला: प्रामाणिकपणा आणि विनम्रता. २०१३ मध्ये बोलिव्हियातल्या त्सिमाने समाजातल्या ६३२ प्रौढांच्या उत्तरांत ते पाच घटक नीट उमटलेच नाहीत.

बाईंचा कागद माझ्याकडे आहे. त्या विधानापुढे दोन वर्तुळं काळी केलेली आहेत. एका विधानाला दोन उत्तरं दिली की ते बाद धरायचं असतं. मी धरलेलं नाही.