मामाचा रोग व भाच्याची परीक्षा

मनुष्याच्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस एक एक मूत्रपिंड असतें. रक्तांतील टाकाऊ द्रव्यें व जास्त झालेलें पाणी गाळून मूत्रावाटे बाहेर घालविणें हें त्यांचें मुख्य काम. हीं दोन्ही निकामी झालीं म्हणजे रुग्णास आठवड्यांतून बहुधा तीन वेळां यंत्राशेजारीं निजून आपलें रक्त शुद्ध करून घ्यावें लागतें. या उपचारास डायालिसिस म्हणतात. मूत्रपिंडें कां बिघडलीं असें विचारलें असतां मधुमेह किंवा रक्तदाब हें उत्तर पुष्कळदां मिळतें. परंतु कित्येकांच्या बाबतींत खरें कारण उमगलेलेंच नसतें. अशांपैकीं थोड्यांच्या ठिकाणीं फाब्री रोग नांवाचा एक विरळा आनुवंशिक विकार लपलेला असतो. तो हुडकून काढण्याची खटपट कां करावी, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सन १८९८ मध्यें जर्मनींत योहानेस फाब्री व इंग्लंडांत विल्यम अँडरसन या दोघांनीं स्वतंत्रपणें या रोगाचें वर्णन केलें. आपल्या पेशींत जुनीं द्रव्यें मोडून टाकणारे निरनिराळे एन्झाइम असतात. त्यांपैकीं अल्फा-गॅलॅक्टोसिडेज ए हा एन्झाइम या रोग्यांत नसतो किंवा फार थोडा असतो. त्यामुळें एक स्निग्ध पदार्थ पेशींत सांचत जातो. ज्या घरांतील केर कोणी काढीत नाहीं त्या घराची जी दशा, तीच या पेशींची. लहानपणीं हातापायांची आग होते, घाम कमी येतो, उन्हांत धांवणें सोसत नाहीं, कमरेभोंवतीं व मांड्यांवर बारीक काळपट तांबडे ठिपके उठतात. पुढें वय वाढल्यावर मूत्रपिंडें, हृदय व मेंदू यांस इजा पोहोंचते. आग बाहेरून दिसत नाहीं. म्हणून असें मूल कवाईत चुकविण्यासाठीं ढोंग करतें, असा समज होणें फार सोपें आहे.

या रोगाचें मूळ एक्स नांवाच्या गुणसूत्रावर असतें. पुरुषास हें गुणसूत्र एकच, व तें आईकडून मिळतें; स्त्रीस दोन असतात. म्हणून रोगी पित्याचा दोष त्याच्या सर्व मुलींस जातो, मुलग्यांस जात नाहीं. दोष बाळगणाऱ्या मातेच्या प्रत्येक मुलास व मुलीस मात्र तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. मामा यंत्राशेजारीं निजलेला असतां त्याच्या बहिणीच्या पोटीं आलेला भाचा हाच रोग घेऊन शाळेंत बसलेला असूं शकतो, तो असा.

जपानांतील ५१४ पुरुष डायालिसिस-रुग्णांचें रक्त तपासलें असतां ६ जणांस हा रोग आढळल्याचें सन २००३ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांपैकीं पांच जणांत वर सांगितलेलीं बाह्य लक्षणें नव्हतीं. रक्त पाहिल्यावांचून तो कळलाच नसता. ऑस्ट्रियांत २४८० स्त्रीपुरुष रुग्ण तपासले, त्यांत चार पुरुष सांपडल्याचें सन २००४ मध्यें जाहीर झालें.

एवढ्या थोड्यांसाठीं इतक्यांस कां तपासावें? निकामी झालेलें मूत्रपिंड पुन्हां सुधारत नाहीं, हें खरें. परंतु सांपडलेल्या प्रत्येक रुग्णामागें त्याच्या बहिणी, भाऊ, मुली व भाचे उभे असतात, आणि त्यांचीं मूत्रपिंडें अद्याप शाबूत असूं शकतात. सन २००१ पासून युरोपांत हा उणा एन्झाइम दर पंधरवड्यास शिरेंतून देण्याचा उपचार मान्य झाला आहे. तो फार खर्चाचा आहे, आणि झालेली हानि भरून काढीत नाहीं. पण वेळींच आरंभ केल्यास तिची गति मंद करतो. शिवाय नातलग आपलें मूत्रपिंड द्यावयास पुढें आला, तर त्याच्यांतही हा दोष नाहीं ना, हें आधीं पाहिलें पाहिजे.

तपासणी कठीण नाहीं. रक्ताचे थेंब विशेष कागदावर वाळवून प्रयोगशाळेकडे धाडतां येतात. एन्झाइम कमी आढळला एवढ्यावरून मात्र निदान करूं नये. जनुकाची परीक्षा करून तें पक्कें करावें लागतें. स्त्रियांत रोग असूनही एन्झाइम पुरेसा दिसूं शकतो. म्हणून त्यांच्यासाठीं जनुकपरीक्षाच विश्वसनीय होय.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, वैद्यानें आजोळच्या व घरच्या आजारांची चौकशी केली असतां कांहीं लपवूं नये. मुलीचें लग्न जमविण्यास अडचण येईल, या भीतीनें पुष्कळ घरीं अशा गोष्टी झांकून ठेवितात. वंशपरंपरेनें आलेला दोष हा कोणाचाही अपराध नव्हे; पण तो ठाऊक असून सांगितला नाहीं, तर त्याचें मोल पुढच्या पिढीस द्यावें लागतें.