अडकलेला बॉल जॉइंट कसा सोडवावा?



ट्रॅक्टरचे स्टिअरिंग आपण फिरवतो आणि पुढची चाके वळतात. मधल्या दांड्यांच्या टोकांना जे सांधे असतात, त्यांना बॉल जॉइंट म्हणतात. आपल्या खांद्यासारखीच ही रचना आहे : वाटीत गोळा, आणि गोळ्याला एक खुंटी. हा सांधा झिजला की स्टिअरिंग ढिले पडते. गोळा वाटीतून निसटलाच, तर भरल्या ट्रॉलीसह चाक आपल्या ताब्यात राहत नाही. म्हणून तो वेळीच बदलावा. पण नट काढला तरी खुंटी जागची हलत नाही, मग माणूस चिडतो आणि घण उचलतो!

ती अडकते का, ते आधी पाहू. ही खुंटी गाजरासारखी निमुळती असते आणि चाकाकडच्या लोखंडी आर्मच्या तशाच निमुळत्या भोकात बसते. लाकडात ठोकलेली पाचर, घण बाजूला ठेवला म्हणून आपोआप बाहेर येते का? नाही. उतार थोडा असला की घर्षण वरचढ ठरते. त्यात गंजाची भर. लोखंड गंजले की तो गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. भोकात ती जागा आहे कुठे? म्हणून पकड आणखी आवळते.

आता काम. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, इंजिन बंद करून किल्ली काढून घ्या. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. पुढचा आस जॅकने उचला, पण त्याखाली भक्कम घोडी दिल्याशिवाय हात घालू नका. दांड्याची लांबी मोजून लिहून ठेवा. चाकांची सरळ रेषा तिच्यावर अवलंबून असते. तारेच्या ब्रशाने माती-गंज झाडा, गंज सोडवणारे तेल सोडा आणि रात्रभर मुरू द्या.

सकाळी स्प्लिट पिन काढा. नट चार-पाच आटे सैल करा, पण पुरता काढू नका. सांधा एकदम सुटला तर नट त्याला अडवतो. पुलर लावून ताण द्या. आता मुख्य गोष्ट : खुंटीच्या टोकावर मारू नका. तेथे मारल्याने आटे चेपतात आणि खुंटी फुगून बसते. आर्मच्या भोकाभोवतीच्या जाड भागावर, बाजूने मारा. समोरच्या बाजूला दुसरा जड हातोडा टेकवून धरा. प्रत्येक घावाने भोक क्षणभर किंचित चेपते, पुन्हा पूर्ववत होते आणि त्या हिसक्यात पकड तुटते. ‘टक्’ असा आवाज आला की समजा, सुटले. डोळ्यांवर चष्मा असू द्या.

कोणी म्हणेल, बैलगाडीची धाव लोहार तापवूनच चढवतो, मग आपणही तापवू. तत्त्व खरे आहे. पण १५ मिलिमीटरचे भोक २०० अंशांनी तापवले तरी सुमारे ०.०३६ मिलिमीटरच वाढते. उलट आत कोंडलेले ग्रीस तापून सांधा फुटू शकतो, रबर जळते आणि लाल केलेल्या आर्मचे बळ जाते. त्यावरच पुढे आपला जीव असतो. तेव्हा ज्योत दूरच बरी.

शिक्षकांनी वर्गात पाचर आणि लाकूड घेऊन एवढे दाखवावे : उतार कमी केला की पाचर कशी धरून राहते, वाढवला की कशी निसटते. मुलांच्या ते चटकन ध्यानात येईल.

नवा सांधा बसवताना भोक कोरडे, स्वच्छ पुसा. पिनेचे भोक नटाच्या खाचेसमोर आले नाही, तर नट थोडा आणखी आवळा. मागे कधीच फिरवू नका. पिन नवीच घाला. दांड्याची लांबी ताडून पाहा, स्टिअरिंग दोन्हीकडे पुरते फिरवा, आणि पहिल्या दिवसाच्या नांगरटीनंतर नट पुन्हा एकदा तपासा.