तुणतुण्याची तार : बारीक कीं जाड?

रायगडाच्या पायथ्याशीं पाचाड हें लहानसें गांव आहे. जिजाबाईंचा वाडा आणि त्यांची समाधि येथेंच आहे. ६ जून १६७४ रोजीं गडावर राज्याभिषेक झाला आणि अवघ्या अकरा दिवसांनीं, १७ जून रोजीं, त्या माउलीनें पाचाडास देह ठेवला. दरवर्षीं राज्याभिषेकाच्या उत्सवास हजारों लोक येथून गड चढतात आणि डफ-तुणतुण्यावर पोवाडे होतात. परंतु हे दिवस कोकणांत पावसाच्या आगमनाचे. हवा ओलसर होते, तुणतुण्याची तार उतरते आणि सूर ढळला कीं शाहिराचा गळाही त्याच्यामागें ढळतो. मग प्रश्न उभा राहतो, तार बारीक घालावी कीं जाड?

जाड तार अधिक बळकट, ती सहसा तुटणार नाहीं, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खरा नव्हे. १६३६ सालीं मेर्सेन या फ्रेंच पंडितानें तारेचे नियम ग्रंथरूपानें मांडले. त्यांचें सार असें कीं, धातु, लांबी आणि सूर हीं तिन्ही कायम ठेवून तार जाड केली, तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढवावा लागतो. एका तारेची जाडी दहा भाग व दुसरीची बारा भाग असेल, तर दुसरीस ४४ टक्के अधिक ताण हवा. पण तारेचें बळही त्याच प्रमाणांत वाढतें. म्हणून सूर चढवीत गेल्यास दोन्ही तारा जवळजवळ एकाच सुरावर तुटतात. जाड तारेचा खरा फायदा निराळा आहे : गंज चढला तरी तिचा थोडाच भाग खाल्ला जातो, आणि जोराचा आघात ती अधिक सोसते.

नादांतही भेद आहे. जाड तारेचा मूळ स्वर भरदार व आवाज मोठा. बारीक तारेंत वरचे उपस्वर अधिक खुलतात, म्हणून ती लखलखीत वाजते. मात्र बारीक तारेवर जोरानें आघात केला, तर ती फार झोके घेते आणि क्षणभर सूर चढा लागतो. हाताचा अनुभवही असाच. गिटार वाजविणारास बारीक तार ओढून स्वर वाकविणें सोपें जातें. जाड तार बोटांस खुपते, पण ठोक्यास भक्कम उत्तर देते.

तुणतुण्यांत आणखी एक गोष्ट आहे. त्याच्या लांकडी नळ्याचें तोंड वरून उघडें असतें व बूड कातड्यानें मढविलेलें असतें. तार त्या कातड्याच्या मध्यांतून वर खुंटीपर्यंत जाते. म्हणजे ताणाचा सारा भार कातड्यावरच. दमट हवेनें कातडें सैल होतें. जाड तारेचा ओढा मोठा असल्यानें तें अधिक ताणलें जातें आणि सूर अधिक उतरतो. म्हणून पावसाच्या दिवसांत बारीक तार सुराला अधिक विश्वासू ठरते. पूर्वीं उघड्या मैदानांत मोठ्या आवाजासाठीं जाड तारेची गरज भासे. आज ध्वनिक्षेपक असल्यानें ती गरज उरली नाहीं.

मिरजेस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगारांनीं तंतुवाद्यें घडविण्याची परंपरा सुरू केली, आणि २०२४ सालीं तेथील सतार व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. तेथील तंबोऱ्यांतही हेंच तत्त्व दिसतें. चढ्या सुराचा बायकांचा तंबोरा आंखूड असतो व त्यास बारीक तारा लागतात. खालच्या सुराचा पुरुषी तंबोरा मोठा व त्याच्या तारा जाड. खर्जाची तार तर पितळेची आणि सर्वांत जाड, कारण पोलादाची बारीक तार इतक्या खालीं उतरविल्यास लुळी पडते.

तेव्हां उत्तर तारेपासून नव्हे, गळ्यापासून शोधावें. आधीं गायकाचा सूर ठरवावा, मग वाद्याची लांबी पाहावी, कातडें किती ओढा सोसेल याचा अंदाज घ्यावा आणि शेवटीं जाडी निवडावी. पारख करतांना दोन्ही तारा एकाच सुरावर चढवूनच ऐकाव्या. नाहींतर फरक तारेचा कीं सुराचा, हेंच कळत नाहीं. पाचाडाच्या पावसांत शाहिरानें बारीक तार चढवावी, एक जोड जवळ ठेवावी आणि गाण्यानंतर तार कोरड्या फडक्यानें पुसावी. इतकें केलें कीं गड चढल्यावर सूर सांभाळण्याची चिंता राहत नाहीं.