मानेतली सुई आणि दादाचा श्वास

माझ्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून आमच्या कुटुंबात खांद्यांच्या बाबतीत मला मोठा मान आहे. त्यामुळे गेल्या वर्षी भाद्रपदात माझा थोरला भाऊ न्हाणीघरात घसरला आणि त्याच्याही खांद्याचा स्नायुबंध फाटल्याचे निघाले, तेव्हा मी अधिकारवाणीने सांगितले, "दादा, घाबरू नकोस. मानेत एक सुई देतात, तीच मागून घे. रात्रभर आपल्याला खांदा आहे की नाही, याचा पत्ता लागत नाही!"

सल्ला मनापासून दिला होता. पण तो चुकीचा होता.

या शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे मोठे हट्टी. नुसत्या जालीम औषधांवर ते दाबू गेले, तर मळमळ आणि गुंगी मागे लागते. म्हणून नसच बधिर करायची. ही युक्ती जुनी आहे. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला. १९११ साली कुलेनकांफ या जर्मन शल्यवैद्याने गळपट्टीच्या हाडावरून सुई घालून हात बधिर करण्याचा प्रयोग स्वतःवरच केला! मला दिलेली मानेतली सुई अमेरिकेतील डॉ. अलोन विनी यांनी १९७० मध्ये प्रचारात आणली. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर नस पाहत पाहत सुई घालतात.

दादाला तपासताना भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "जिना किती चढता?"

"पहिल्या मजल्यावर थांबतो," दादा म्हणाला. "हिची वाट पाहत."

"माझी कुठली? श्वासाची वाट पाहतात!" वहिनी म्हणाली. तीस वर्षांच्या सिगारेटींनी दादाची फुप्फुसे थकवली होती.

मी लगेच मानेतल्या सुईची शिफारस केली. बाईंनी हसून कागदावर चित्र काढले. मानेतल्या दोन स्नायूंच्या फटीतून खांद्याच्या नसा खाली उतरतात आणि पुढच्या स्नायूवरूनच श्वासपटल हलवणारी नस जाते. नेहमीचे वीस मिलिलिटर औषध तिथे सोडले, की त्या बाजूचे अर्धे श्वासपटल काही तास जवळजवळ हमखास स्वस्थ बसते.

"तुमचेही बसले असणार," त्या मला म्हणाल्या.

मला आठवले. त्या संध्याकाळी माझा आवाज घोगरा झाला होता, पापणी उतरली होती आणि श्वास पुरता भरत नव्हता. मी ते काळजीवर घातले होते.

"धडधाकट माणूस उरलेल्या अर्ध्यावर निभावतो. पण श्वासाच्या रुपयातले चार आणे तरी यात जातात. ज्याच्या खिशात मुळातच आठ आणे, त्याच्याकडून ते कसे काढायचे?"

"मग औषध कमी घाला."

"धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. तिथेच बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध सोडता येते. त्याने दुखणे अधिक काळ आवरते, पण श्वासाची काळजीही तितकीच लांबते."

तिसरा मार्ग त्यांनी सुचवला तो असा : एक सुई खांद्याच्या फऱ्याजवळच्या नसेला, कारण सांध्याची सुमारे सत्तर टक्के संवेदना तीच वाहते, आणि दुसरी दंडामागून वळणाऱ्या नसेला. दोन्ही जागा श्वासाच्या नसेपासून दूर. शिवाय बोटे हलती राहतात. "मात्र खांद्याचा पुढचा भाग थोडा उघडा राहतो. पहिले काही तास तुमच्या बहिणीपेक्षा तुम्हाला जास्त दुखेल. पुढे फारसा फरक राहत नाही."

जास्त दुखेल म्हटल्यावर माझा जीव खाली-वर झाला. दादा शांतपणे म्हणाला, "दुखले तर ओरडेन. पण ओरडायलाही श्वास लागतोच की!"

तसेच ठरले. भूल उतरल्यावर बाईंनी विचारले, "दहापैकी किती दुखते?" "पाच," दादा कण्हत म्हणाला. शिरेतून औषध दिल्यावर ते तीनावर आले. मी मात्र त्याच्या छातीकडेच पाहत होते. ती दोन्ही बाजूंनी सारखी वरखाली होत होती.

आणखी एक गोष्ट आम्ही माझ्या चुकीवरून शिकलो होतो. माझ्या वेळी काहीच दुखत नाही म्हणून मी रात्रीची गोळी घेतली नव्हती. पहाटे बधिरपणा उतरला आणि कळ अशी उसळली, की सारे घर जागे झाले. एकदाच दिलेली सुई साधारण अर्धा दिवस, फार तर थोडी अधिक टिकते. ती उतरण्याआधी गोळी पोटात हवी. वहिनीने घड्याळ लावून, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळी गोळ्या दिल्या. दादाची रात्र तुटक झोपेत गेली खरी, पण निभावली.

भाऊबीजेला तो हात झोळीत घालून आमच्याकडे आला. मी दार उघडून वरच उभी होते. पहिल्या मजल्यावर पावले थांबली, मग सावकाश पुन्हा वाजू लागली. ओवाळताना त्याने डाव्या हाताने तबकात ओवाळणी घातली आणि म्हणाला, "आता सल्ले देणे बंद ना?"

एक सल्ला मात्र मी अजून देते. सुई कोणती, हे शेजाऱ्याच्या खांद्यावरून ठरवू नका. आणि आपण जिना किती चढतो, ते डॉक्टरांना खरे सांगा.