पाच वर्षांची वाट कशाला?

कुर्ल्यातल्या एखाद्या घरात तीन वर्षांचं मूल अजून बोलत नाही, तेव्हा ‘मोठं झालं की बोलेल’ असं म्हणून दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज पुढे ढकलला जातो. हा सल्ला प्रेमाचा असेल, पण महागात पडतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे, आणि अर्ज स्वावलंबन पोर्टलवर घरबसल्या करता येतो. तपासणी मात्र सरकारमान्य रुग्णालयातच होते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक वा बहुदिव्यांगता असलेल्यांसाठी या प्रमाणपत्रावर निरामय विमा मिळतो. त्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो आणि थेरपीही बसते. थेरपीचा उपयोग लहान वयातच सर्वाधिक, म्हणून उशीर खरा इथे नडतो. जुन्या करप्रणालीत पालकांना कलम ८०डीडीखाली ७५ हजारांची वजावट मिळते, तीव्र दिव्यांगतेत सव्वा लाखाची. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगता लागते.

‘शिक्का कायमचा बसेल’ ही भीती खोटी नाही, लोक बोलतातच. पण पाच वर्षांखालच्या मुलाच्या विकासातल्या विलंबाचं प्रमाणपत्र तात्पुरतं असतं, पुढे फेरतपासणी होते. मूल सुधारलं, तर कागदही बदलतो. शिवाय तो कागद शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवायची सक्ती कुणी केली आहे?