उबेचा हिशेब

एकाच वजनाचे दोन प्राणी घ्या, एक सरडा आणि एक उंदीर. सरड्याला उबेत ठेवून त्याचेही शरीर उंदराइतकेच, म्हणजे 37 अंश सेल्सिअसपर्यंत तापू द्या. आता दोघेही स्वस्थ बसले आहेत, दोघांचे तापमान सारखे आहे, वजनही सारखे आहे. तरीही उंदीर सरड्याच्या कितीतरी पट ऑक्सिजन वापरतो. सस्तन प्राणी आणि त्याच आकाराचा सरपटणारा प्राणी यांच्या विश्रांतीच्या खर्चात साधारणपणे पाच ते दहा पटींचा फरक असतो. उंदीर त्या वेळी काहीच करत नाही. धावत नाही, वाढत नाही, पिले पोसत नाही. मग एवढे इंधन जाते कुठे? ते जवळजवळ सगळे उष्णतेच्या रूपाने शरीराबाहेर जाते. पक्ष्यांचे आणि सस्तन प्राण्यांचे वैशिष्ट्य म्हणून आपण शाळेपासून ‘स्थिर तापमान’ हे शब्द पाठ केलेले असतात. माझ्या मते त्या शब्दांमुळे आपले लक्ष भलतीकडे जाते. या दोन गटांनी एक अफाट महागडी राहणी पत्करली, आणि ती त्यांना परवडली ती खर्च गरजेप्रमाणे वाढवता आणि कमी करता येतो म्हणून. तापमानाचा आकडा त्यांच्यातले अनेक जण प्रसंगी सोडून देतात. खर्चावरचा ताबा मात्र सोडत नाहीत.

शरीराची ऊब म्हणजे एक प्रकारचे ज्वलन, हे प्रयोगाने दाखवण्याचे श्रेय आंत्वान लाव्हाझिए आणि पिएर-सिमाँ लाप्लास यांचे. 1782-83 च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये त्यांनी एका गिनी पिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजले. तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेपर्यंत कोळसा जाळला, तर वितळणारा बर्फ जवळपास तितकाच निघाला. मात्र हे ज्वलन शरीरात नेमके कुठे आणि कसे चालते, हे समजायला पुढे दीडशेहून अधिक वर्षे लागली. आज आपल्याला ठाऊक आहे की पेशींमधल्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, अन्नातली ऊर्जा वापरून आपल्या आतल्या पटलाच्या एका बाजूला हायड्रोजनचे धन कण साठवतात. हे कण पलीकडे परत जाताना एका प्रथिनाच्या चक्रातून जातात आणि एटीपी हे पेशीचे चलन तयार होते. कोयनेच्या जलाशयातले पाणी जनित्रे फिरवत खाली उतरते, तसाच हा प्रकार आहे. पण धरणाची भिंत पाझरत असेल, तर तेवढे पाणी वीज न देताच वाहून जाते. तंतुकणिकांचे पटलही पाझरते, आणि त्या वाटेने गेलेली ऊर्जा उष्णता बनते. उंदराच्या विश्रांतीच्या खर्चातला सुमारे एक पंचमांश भाग या पाझरण्यावर जातो. ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठातले पॉल एल्स आणि टोनी हल्बर्ट यांनी 1980 च्या दशकात सरडे आणि उंदीर शेजारी ठेवून तपासले. सस्तन प्राण्याचे यकृत, मूत्रपिंडे आणि हृदय मोठी, त्यांच्यात तंतुकणिकांचे पटल अधिक, आणि ते पटल अधिक पाझरणारे, असे चित्र उभे राहिले. पेशीच्या बाहेरच्या आवरणाचीही तीच गत. सोडियम आत शिरत राहतो, तो बाहेर फेकणारा पंप सतत चालू ठेवावा लागतो, आणि त्या कामाचीही शेवटी उष्णताच होते. अवटू ग्रंथीचे संप्रेरक या साऱ्याचा वेग ठरवते.

ही झाली रोजची, पायाभूत ऊब. थंडी वाढली की जादा उष्णतेची सोय करावी लागते, आणि इथे सस्तन प्राणी आणि पक्षी यांच्या वाटा वेगळ्या होतात. सस्तनांकडे तपकिरी चरबी आहे. कोनराड गेसनर या स्विस निसर्गअभ्यासकाने 1551 मध्येच मार्मोटच्या शरीरातल्या या ऊतीची नोंद केली होती. ती धड चरबी नाही आणि धड मांसही नाही, असे त्याला वाटले. या ऊतीत यूसीपी-1 नावाचे प्रथिन असते. मेंदूकडून इशारा मिळाला की ते पटलात मुद्दाम वाट उघडते आणि जवळजवळ सगळे इंधन थेट उष्णतेत बदलते. माणसाचे बाळ ही चरबी मानेभोवती आणि खांद्यांच्या मध्ये घेऊनच जन्माला येते. मोठ्या माणसांतही ती काम करते, हे 2009 मध्ये स्कॅनच्या आधारे नक्की झाले. पक्ष्यांकडे मात्र तपकिरी चरबीही नाही आणि यूसीपी-1 देखील नाही. त्यांची मदार स्नायूंवर, मुख्यतः छातीच्या उड्डाणस्नायूंवर असते. थंडीत पक्षी या स्नायूंना बारीक कंप देत राहतो, आणि बाहेरून तो निवांत बसल्यासारखा दिसतो. डुकरांच्या पूर्वजांनी तर यूसीपी-1 चे काम करणारे जनुक सुमारे 2 कोटी वर्षांपूर्वी गमावले. म्हणूनच डुकराची नवजात पिले थंडीला फार लवकर बळी पडतात, आणि डुकरीण विण्याआधी गवतकाड्यांचे घरटे रचते. पक्षी आणि सस्तन यांचे वंश 30 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले. दोघांनी ही महागडी राहणी स्वतंत्रपणे, वेगळ्या साधनांनी उभारली. यावरून या राहणीला कुठल्या एका अवयवाची सक्ती नाही, एवढे तरी दिसते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. अजगराचे काय? मादी अजगर अंड्यांभोवती वेटोळे घालते आणि स्नायूंचे आकुंचन-प्रसरण करून अंडी उबवते. 1841 मध्ये आशिल व्हॅलेन्सिएन यांनी पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयातल्या मादीवर मोजमापे घेऊन तिचे शरीर भोवतालापेक्षा चांगलेच गरम असल्याचे दाखवले. पुढे भारतीय अजगरावर झालेल्या अभ्यासांत हवा थंड होईल तसतसा हा आकुंचनाचा वेग वाढतो, हेही दिसले. मग सरपटणाऱ्यांत आणि आपल्यात फरक तो कोणता? फरक असा की अजगराची ऊब कामापुरती असते. अंडी फुटली की तो खर्च बंद होतो, आणि तिचे शरीर पुन्हा भोवतालच्या तापमानावर अवलंबून राहते. आपला पाया मात्र कायमचा उंच आहे. पण अजगराच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट हाती लागते. उष्णता निर्माण करण्याचा पहिला फायदा पिलांना मिळाला असावा, हा विचार त्यामुळे बळकट होतो. दुसरा विचार 1979 मध्ये बेनेट आणि रुबेन यांनी मांडला. त्यांच्या मते निवड झाली ती दमसासाची, बराच वेळ धावत किंवा उडत राहण्याच्या क्षमतेची, आणि विश्रांतीतला वाढीव खर्च तिच्या मागोमाग आला. मला या दोन विचारांत विरोध दिसत नाही. पिलांना दिवसभर चारा आणून घालायचा, तर दमसास हवाच.

खर्चाचा हा भार सगळ्यांवर सारखा नाही. मॅक्स क्लायबर यांनी 1932 मध्ये दाखवले की चयापचयाचा वेग वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, वजनाच्या पाऊण घातांकाने वाढतो. म्हणजे शरीर जितके लहान, तितका दर ग्रॅममागे खर्च जास्त. सुमारे दोन ग्रॅम वजनाच्या एट्रुस्कन चिचुंद्रीचे हृदय मिनिटाला 1500 पर्यंत ठोके देऊ शकते. हत्तीचे तीसच्या आसपास देते. या चिचुंद्रीला काही तास अन्न मिळाले नाही तर तिचा जीव धोक्यात येतो. खर्चाचा पाया खाली आणण्याची कला सर्वांत जास्त कुणाला लागणार, हे इथेच उघड होते.

ती कला म्हणजे जडावस्था. पेरूच्या अँडीज पर्वतात सुमारे 3800 मीटर उंचीवर हमिंगबर्डच्या काही जातींचा रात्री अभ्यास झाला. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत एका पक्ष्याचे शरीर 3.3 अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. पहाटे तोच पक्षी स्वतःच्या स्नायूंच्या बळावर पुन्हा तापतो आणि फुलांकडे निघतो. अलास्कातली आर्क्टिक जमिनीवरची खार सात-आठ महिने बिळात काढते. फेअरबँक्स इथल्या विद्यापीठातले ब्रायन बार्न्स यांनी 1989 मध्ये तिच्या शरीराचे तापमान उणे 2.9 अंशांपर्यंत गेल्याचे नोंदवले, आणि तरीही तिचे रक्त गोठत नाही. काही जण म्हणतील की ही तर हार झाली, शरीराचे नियंत्रण कोसळले. पण पुरावा उलट सांगतो. बिळाभोवतीची माती आणखी थंड झाली की ही खार शुद्धीवर न येताच उष्णतेचे उत्पादन वाढवते आणि शरीर त्या नीचांकाच्या खाली जाऊ देत नाही. जडावस्थेतही तिचे एक ठरलेले तापमान असते, फक्त ते फार खाली सरकवलेले असते.

दुसरा आक्षेप असा की हा थंड प्रदेशातला नाइलाज आहे. त्याला मादागास्करने उत्तर दिले आहे. तिथला जाड शेपटीचा बुटका लेमूर कोरड्या ऋतूत सात महिने झाडांच्या ढोलीत निपचित पडून राहतो. काट्रिन डाउसमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवले की त्याचे शरीर ढोलीबरोबर तापते आणि निवते, कधी कधी 30 अंशांच्याही वर जाते, आणि तरी त्याचा चयापचय मंदच राहतो. लेमूर आपल्याच प्रायमेट गणातला आहे, म्हणून ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या झोपेचे खरे कारण अन्नपाण्याचा तुटवडा आहे. थंडी हे त्याचे फक्त एक निमित्त. 2020 मध्ये जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतला एक छोटा चेतापेशीसमूह उद्दीपित करून त्यांना अशाच मंद अवस्थेत नेले. निसर्गतः कधीच अशा अवस्थेत न जाणाऱ्या मोठ्या घुशीसारख्या उंदरांवरही हाच परिणाम झाला. म्हणजे खर्च कमी करण्याची व्यवस्था जिथे वापरात नाही, अशाही मेंदूत शिल्लक असू शकते.

हीच लवचीकता उष्णतेच्या बाजूलाही कामी येते. 1950 च्या दशकात क्नुट आणि बोडिल श्मिट-नील्सेन यांनी अल्जेरियाच्या सहारात उंटांचा अभ्यास केला. पाणी तोडलेल्या उंटाचे शरीर पहाटे 34 अंशांवर असते आणि दुपारी 40 च्या वर चढते. उंट ही उष्णता घाम गाळून न घालवता शरीरात साठवतो आणि रात्रीच्या गार हवेत सोडून देतो. त्यातून दिवसाला चार-पाच लिटर पाणी वाचते. आणि नाथसागरासारख्या जलाशयांवर हिवाळ्यात येणारा पट्टकादंब तर विलक्षणच. मध्य आशियातून हिमालय ओलांडताना या हंसांची उंची 7290 मीटरपर्यंत नोंदली गेली आहे. व्हँकुव्हरमध्ये पाळीव पट्टकादंबांना वाऱ्याच्या बोगद्यात विरळ ऑक्सिजनमध्ये उडवले गेले. 2019 मध्ये आलेल्या या अभ्यासात त्यांचा चयापचय उडतानाही खाली आला आणि अवयवांकडून परतणारे रक्त थंड झाले. थंड रक्त ऑक्सिजन अधिक घट्ट धरते, त्यामुळे फुप्फुसांत मिळेल तेवढा ऑक्सिजन ते उचलते.

माणूस या बाबतीत उष्ण प्रदेशाचा प्राणी आहे. उघड्या अंगाने, जादा उष्णता निर्माण न करता राहायचे तर हवा 27-28 अंशांची लागते. ध्रुवीय कोल्हा उणे 40 अंशांच्या आसपासही जादा खर्चाशिवाय राहतो. त्यातही सर्वांत बिकट स्थिती अपुऱ्या दिवसांच्या बाळाची. त्याच्याकडे तपकिरी चरबी थोडी, अंगावर कातडीखालची चरबी नगण्य, आणि वजनाच्या मानाने पृष्ठभाग फार मोठा. त्याला गार वाटले की मिळालेले दूध आणि ऑक्सिजन वाढीऐवजी उबेवर खर्च होतात. 1978 मध्ये कोलंबियाच्या बोगोता शहरात एदगार रे यांनी अशा बाळांना आईच्या उघड्या छातीला लावून ठेवण्याची पद्धत सुरू केली. आज ती आपल्याकडच्या नवजात कक्षांतही कांगारू पद्धत म्हणून परिचित आहे. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ती सुरू केली तर काय होते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत तपासले गेले. या पद्धतीच्या परिणामात उबेशिवाय आईचे दूध, संसर्गापासून बचाव आणि सतत मिळणारे लक्ष यांचाही वाटा होता, हे खरेच. 2021 मध्ये निकाल जाहीर झाला. जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांत नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्या बाळांपैकी 15.7 टक्के दगावली, लगेच आईजवळ ठेवलेल्यांपैकी 12 टक्के. फरक इतका स्पष्ट होता की उरलेल्या बाळांना या उबेपासून दूर ठेवणे योग्य नाही, असे ठरवून हा अभ्यास मुदतीआधीच थांबवण्यात आला.