'द्वारका' बोट आणि तिच्यावर राबणारे हात

कर्जतसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात समुद्राची ओळख बहुधा पुस्तकातूनच होते. तथापि पोटासाठी घरदार सोडून जाणे येथे कोणास नवे नाही. मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस निघणारी कुटुंबे आपण दरवर्षी पाहतो. असेच एक स्थलांतर गेल्या शतकाच्या मध्यास मुंबई बंदरातून बोटीने होत असे.

ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी १८६२ च्या सुमारापासून मुंबई, कराची आणि इराणच्या आखातातील बंदरे यांच्या दरम्यान टपाल, माल व उतारू नेत. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनीने या मार्गासाठी 'दुमरा', 'द्वारका', 'दारा' आणि 'दरेसा' या चार बोटी बांधून घेतल्या. त्यांपैकी १९४७ साली इंग्लंडमध्ये बांधलेली 'द्वारका' सुमारे ४,८५० टनांची होती. केबिनमधील उतारू मोजकेच असत; डेकवरचे उतारू मात्र शेकड्यांनी मोजावे लागत. ते स्वतःची वळकटी पसरून निजत. आखातात रोजगारासाठी जाणारे मजूर, कारागीर व कारकून याच डेकवरून गेले.

बोटीवरील कामाची वाटणी ठरलेली होती. कप्तान व वरिष्ठ अधिकारी प्रायः ब्रिटिश असत. त्यांच्या हाताखाली तीन खाती होती: डेक, इंजिन आणि सलून. डेकवरील खलाशांत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील मुसलमान बांधव पुष्कळ असत, तर सलूनमध्ये स्वयंपाक व वाढपाचे काम गोव्याचे ख्रिस्ती लोक करीत. डेकवरील खलाशांचा प्रमुख तो सारंग. त्याच्या खाली टंडेल. सारंग आपल्या गावचीच माणसे भरती करी. त्यामुळे नोकरीही त्याच्या हाती आणि वचकही त्याचाच. ऊसतोडीचा मुकादम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे नाते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आखातातील अनेक ठिकाणी त्या काळी धक्का नव्हता. बोट किनाऱ्यापासून दूर नांगर टाकी. डेरिकच्या साहाय्याने माल पडावांत उतरवला जाई आणि उतारूही पडावांतूनच ये-जा करीत. हे काम हवामानाच्या मर्जीवर चाले. ७ एप्रिल १९६१ रोजी दुबईपुढे 'दारा'वर असेच काम चालू असताना वादळ उठले. कप्तानाने बोट खोल समुद्रात नेली. निरोप द्यायला आलेले लोक, फेरीवाले व हमाल यांपैकी अनेकांना उतरण्यास अवधीच मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बोटीत स्फोट होऊन आग भडकली. २३८ जण मृत्युमुखी पडले. ओढून नेत असता १० एप्रिलला 'दारा' बुडाली. स्फोटक मुद्दाम ठेवले गेले असावे, असा निष्कर्ष पुढे चौकशीत निघाला.

दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात गोव्याचे खलाशी मुंबईत धोबीतलाव व परिसरातील 'कूड' नावाच्या निवासांत राहत. प्रत्येक कूड एकेका गावाचे असे. अल्प भाड्यात तेथे पेटी ठेवायला जागा आणि रात्री अंथरूण टाकण्यापुरती जमीन मिळे. गावच्या आश्रयदात्या संताची वेदी तेथे असे व सायंकाळी सर्वांनी मिळून जपमाळ म्हणण्याचा नियम होता. पुढची बोट मिळेपर्यंत बेकार माणसाला तेथे आपले गाव भेटे.

विमानप्रवास आवाक्यात आला, माल कंटेनरमधून जाऊ लागला आणि १९८२ साली 'द्वारका' पाकिस्तानातील गडानीच्या किनाऱ्यावर मोडीत निघाली.

बोटीचा टनभार आणि बांधणीचे वर्ष नोंदींत सहज सापडते. सलूनमध्ये ताटे मांडणाऱ्याचे नाव मात्र बहुधा एकाच ठिकाणी उरते, ते म्हणजे खलाशी ज्याला 'नळी' म्हणतात त्या त्याच्या नोकरीच्या पुस्तिकेत. प्रत्येक फेरीची तारीख तिच्यात असते. वाचकहो, आपल्या कुणा आप्ताच्या जुन्या पेटीत अशी पुस्तिका असल्यास ती रद्दीत जाऊ देऊ नका. त्या माणसाच्या परदेशातील कष्टांचा तोच लेखी पुरावा आहे.